अध्यक्ष म्हणजे काय, तर सही

पहिलंच सांगून टाकते, पक्षाचं नाव लिहिणार नाहीये. लिहिलं तरी तुम्ही ऐकलेलं नसेल. मतदान यंत्रावर वर मोठे पक्ष असतात, सगळ्यात खाली अपक्ष असतात आणि मधे जी कुणीच न वाचलेली नावं असतात ना, तिथे आम्ही. निवडणूक आयोगाच्या भाषेत 'नोंदणीकृत अमान्यताप्राप्त पक्ष'. माझी मुलगी म्हणाली मम्मी अमान्यताप्राप्त म्हणजे अनधिकृत बांधकामासारखं का, म्हटलं नाही गं, आपण ऑफिशियल आहोत, फक्त कुणी मानत नाही.

तर या पक्षाची मी ऑगस्ट २०२३ पासून अध्यक्ष आहे. नोकरी एका औषध डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्सची, राहायला भांडुप, जन्म परळच्या चाळीतला. वडील गिरणीत होते आणि पक्ष काढणारे भाऊ वडिलांच्याच खात्यातले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉक्टरांचा संप म्हणतो आम्ही, म्हणजे डॉ. दत्ता सामंतांचा, तेव्हा भाऊ गेटवर भाषणं करायचे, मग गिरणी गेली ती गेलीच, भाऊंनी भाजी विकली पण भाषण काय सोडलं नाही. १९९८ ला त्यांनी पक्ष नोंदवला. गिरणी कामगारांची घरं, चाळींचे प्रश्न, महापालिका शाळा, एवढाच अजेंडा. आजपर्यंत एक नगरसेवक नाही. मी लहानपणापासून सतरंज्या टाकायला जायचे, मग पावत्या लिहायला लागले, मग हिशोब, आणि हिशोब लिहिणाऱ्या माणसाला कुणी सोडत नाही हे तुम्हाला माहीतच असेल.

२०२३ च्या जूनमध्ये भाऊंना पॅरालिसिसचा हलका झटका आला. बोलणं ठीक, चालणं ठीक, उजवा हात मात्र गेला. पंधरा दिवसांनी हॉलच्या भाड्याचा चार हजारांचा चेक बँकेतून परत आला, सही जुळत नाही. भाऊ डाव्या हाताने प्रॅक्टिस करत होते, वहीची पानंच्या पानं भरली होती, पण ती सही म्हणजे पहिलीतल्या पोराची. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आमच्या पक्षात भाऊंचे विचार वगैरे सगळं ठीक आहे पण पक्ष चालतो तो त्या एका सहीवर. चेकवर तीच, इन्कम टॅक्स रिटर्नवर तीच, पक्षाची उमेदवारी देणाऱ्या एबी फॉर्मवर तीच. ती गेली की पक्ष म्हणजे नुसता बॅनर.

मग निवडणूक. आयोगाचा नियम आहे की पक्षांतर्गत निवडणुका ठराविक मुदतीत झाल्या पाहिजेत, जास्तीत जास्त पाच वर्षांनी, पक्षाच्या घटनेत तसं लिहिलेलं असतं. आमच्या शेवटच्या झाल्या होत्या २०११ ला, म्हणजे काय ते समजून घ्या. ऑगस्टमधल्या एका रविवारी परळला शाळेचा हॉल घेतला, हजर ४३, त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. दोन नावं, मी आणि आमचे सरचिटणीस. मी त्यांना दादा म्हणते, अजूनही म्हणते. चिठ्ठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. २६ मला, १६ दादांना आणि एक बाद कारण त्याच्यावर कुणीतरी नुसतं 'भाऊ' लिहिलं होतं. दादा चहा न घेता निघून गेले. भाऊ मला म्हणाले, पोरी, आता कुणी काही पुढे केलं तर आधी वाचत जा. मला वाटलं आशीर्वाद देतायत, नंतर कळलं वॉर्निंग होती.

आठवड्याभरात दादांनी स्वतःचं लेटरहेड छापलं, 'राष्ट्रीय अध्यक्ष' म्हणून. आमचं कार्यक्षेत्र लालबागपासून जास्तीत जास्त कल्याणपर्यंत, पण राष्ट्रीय!

मी रीतसर सगळं केलं, सभेचं इतिवृत्त, हजेरीपत्रक, ठराव, नव्या पदाधिकाऱ्यांची यादी, पॅनची कॉपी, सगळं जोडून दिल्लीला अशोका रोडवर निर्वाचन सदनला स्पीड पोस्ट आणि एक प्रत इथे मंत्रालयात मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. पोचपावती घेतली. पदाधिकारी बदलले, पत्ता बदलला की कळवायचं असतं, बऱ्याच छोट्या पक्षांना हेच माहीत नसतं. मग बँकेत गेले. बँक म्हणाली आयोगाचं पत्र आणा की तुम्हीच अध्यक्ष आहात. म्हटलं अहो मी आयोगाला कळवलंय, ही पोचपावती. नाही म्हणे, त्यांनी तुम्हाला लिहिलेलं पत्र पाहिजे. तेवढ्यात दादांचंही पत्र बँकेत पोचलं की खरा अध्यक्ष मी, झालं, खातं फ्रीझ. त्यात होते एकोणीस हजार आठशे रुपये.

आता इथे एक गंमत आहे. शिवसेनेचं भांडण झालं तेव्हा आयोगाने निकाल दिला, फेब्रुवारी २०२३ ला, नंतर राष्ट्रवादीचाही दिला फेब्रुवारी २०२४ ला, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. मला वाटलं आमचाही देतील. वकिलांकडे गेले तर ते हसले. म्हणाले ताई, तो चिन्हांच्या १९६८ च्या आदेशातला परिच्छेद १५ आहे आणि तो फक्त मान्यताप्राप्त पक्षांसाठी. तुमच्यासारख्यांनी भांडायचं तर दिवाणी कोर्टात जायचं. म्हणजे मोठ्यांच्या घरात भांडण झालं तर आयोग सोडवणार आणि आमच्या घरात झालं तर आम्ही वकील लावायचा, खात्यात एकोणीस हजार असताना, तेही फ्रीझ. वकिलांनी निदान चहाचे पैसे घेतले नाहीत.

पाच महिने मी ऑफिसच्या लंच टाइममध्ये बँकेत जात होते. शेवटी तो प्रश्न भाऊंनीच सोडवला. जानेवारीत एक दिवस टॅक्सी करून स्वतः ब्रांचमध्ये आले, डॉक्टरचं सर्टिफिकेट खिशात, मॅनेजरसमोर बसले आणि म्हणाले, साहेब, खातं माझ्या सहीने उघडलं होतं, आता हात चालत नाही पण अंगठा चालतो, घ्या. आणि मॅनेजरसमोर अंगठा दिला, ठराव खरा आहे, ही मुलगी अध्यक्ष आहे. ज्या माणसाने आयुष्यभर अंगठेबहाद्दर कामगारांना सही करायला शिकवलं, रात्री चाळीच्या गॅलरीत पाटी घेऊन, त्याने. मी बाहेर येऊन रडले, भाऊ म्हणाले रडतेस काय, शाई पुसायला रुमाल दे. आठ दिवसांत खातं सुरू झालं.

खातं सुरू झालं आणि मार्च आला. मार्चमध्ये छोट्या पक्षांना फार मान असतो हे मला त्या वर्षी कळलं. एका ओळखीच्याच्या ओळखीतून एक माणूस आला, दादरला उडप्याकडे भेटलो, एकदम सभ्य, मला मॅडम मॅडम. म्हणाला तुमचं पॅन चालू आहे, खातं चालू आहे, आयोगाकडे नोंदणी आहे, अजून काय पाहिजे. प्लॅन असा, पगारदार लोक आणि धंदेवाले पक्षाला चेकने देणगी देणार, आयकर कायद्याच्या ८० जीजीसी कलमाखाली त्यांना तेवढ्या रकमेवर करात सूट मिळणार, पक्षाचं उत्पन्न १३ ए खाली करमुक्त, आणि आपण कमिशन कापून बाकीची कॅश त्यांना परत करायची. पक्षाला पाच टक्के. म्हणाला पहिल्या वर्षी दोन कोटी फिरवू. मी अकाउंट्सवाली, मनातल्या मनात गणित झालंच, दहा लाख. आमचं वर्षाचं उत्पन्न तेव्हा एकसष्ट हजार. मी विचारलं आणि नोटीस आली तर कुणाच्या नावाने येणार? तो म्हणाला मॅडम, अध्यक्ष तुम्ही आहात ना. इतक्या प्रामाणिकपणे म्हणाला की मला त्याचा रागच आला नाही. इडली त्याच्या पैशाने खाल्ली नाही एवढंच.

सप्टेंबर २०२२ मध्ये याच प्रकारावरून इन्कम टॅक्सने देशभर अशा पक्षांवर धाडी टाकल्या होत्या, त्यात मुंबईही होती, मी पेपरात वाचलेलं. कार्यकारिणीत हे सांगितलं तर मला वाटलं सगळे म्हणतील बरं केलंस. तर नाही! चार जण म्हणाले ताई, पक्षाला ऑफिस नाही, फोनचं बिल भरायला पैसे नाहीत, सगळेच करतात. एक जण म्हणाला मोठे पक्ष इलेक्टोरल बाँड घेत होते ते चालत होतं का, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं कारण सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाँड घटनाबाह्य ठरवलेले ते जेमतेम महिन्यापूर्वी. मी एवढंच म्हटलं की सही मी करणार नाही. मीटिंग तिथे संपली. दादांनी लगेच पसरवलं की ताईंनी पक्षाचं दहा लाखाचं नुकसान केलं. खोटं नव्हतं म्हणा ते.

विधानसभा २०२४. आम्ही तीन जण उभे केले, परळ लालबागकडे एक, भांडुपकडे एक, कल्याणला एक. सामायिक चिन्ह हवं असेल तर राज्यातल्या किमान पाच टक्के जागा लढवाव्या लागतात, म्हणजे २८८ चे पंधरा उमेदवार, पंधरा गुणिले दहा हजार डिपॉझिट, तो विषयच सोडून दिला. मग मुक्त चिन्हांतून एकाला कपाट मिळालं, एकाला बॅट, एकाला शिवणयंत्र. एका पक्षाचे तीन बॅनर, तीन चिन्हं, प्रिंटिंगवाला म्हणाला ताई तुमचा पक्ष आहे का भांडीकुंड्यांचं दुकान. हसायचं नाही, चिन्हाला फार किंमत असते. त्याच वर्षी लोकसभेला साताऱ्यात एका अपक्षाच्या साध्या तुतारीला सदतीस हजारांवर मतं पडली आणि 'तुतारी वाजवणारा माणूस' वाला उमेदवार बत्तीस हजारांनी हरला. आमच्या कपाटाचा मात्र कुणाशी गोंधळ झाला नाही.

फॉर्मचं सांगते, कारण अध्यक्षाचं खरं काम त्या एका आठवड्यातच असतं. मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, आम्हाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार. लालबागमध्ये कुठली गल्ली कुठल्या मतदारसंघात याचा भरवसा नाही, आमच्या एका काकांचं नाव शेजारच्या यादीत निघालं. नशीब, एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि डिपॉझिट एकदाच, म्हणून मी दुसरा सेट वेगळे दहा घेऊन भरून ठेवला होता. पहिला गेला, दुसरा राहिला. कुणी छोट्या पक्षात असाल तर ही एक गोष्ट लिहून ठेवा.

आणि एबी फॉर्म. ए म्हणजे पक्षातर्फे उमेदवारी द्यायचा अधिकार कुणाला, बी म्हणजे उमेदवार कोण. दोन्हीवर सही शाईची, मूळ, झेरॉक्स नाही, स्कॅन नाही, रबरी शिक्का नाही, आणि शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचलं पाहिजे. शेवटचा दिवस २९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी. कल्याणच्या आमच्या पोराने मी पाठवलेल्या पीडीएफची कलर प्रिंट काढली आणि खूष होऊन बसला. सकाळी साडेअकराला फोन, ताई इथले क्लार्क म्हणतायत ही सही चालणार नाही, अपक्ष म्हणून धरतील. मी ऑफिसात, दिवाळीचं बिलिंग चालू. साहेबांना म्हटलं आईला बरं नाही, आई जाऊन सहा वर्षं झाली, माफ कर गं आई. करी रोडवरून दादर, दादरवरून कल्याण फास्ट, डब्यात सगळ्या बायका फराळाच्या आणि कंदिलाच्या पिशव्या घेऊन, मी एक पाय कुणाच्या तरी तांब्याच्या कळशीवर, एका हातात फाइल डोक्यावर धरलेली. दिवा स्टेशनच्या आधी गाडी थांबली ती बारा मिनिटं. एक बाई म्हणाली एवढं काय आहे फाइलीत, म्हटलं उमेदवारी. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली कुणाची, तुमची? म्हटलं नाही, मी देणारी. बाईने सरकून जागा दिली! अडीच वर्षांत अध्यक्षपदाचा मला मिळालेला एवढाच फायदा.

दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी फॉर्म आत गेला. पोरगा पाया पडायला लागला, म्हटलं पाया पडू नकोस, पेन परत दे.

निकालाचं काय सांगू, चार आकडी कुणीच नाही, तिन्हीकडे 'वरीलपैकी कुणी नाही' वाला नोटा आमच्या पुढे, डिपॉझिट तिन्ही गेली. एक षष्ठांश मतं कुठून आणायची. भांडुपच्या उमेदवाराने मतदानाच्या चार दिवस आधी मोठ्या पक्षाच्या ऑफिसात जाऊन शाल घेतली आणि पाठिंब्याचा फोटो टाकला, लेटरहेडचं पान कुठून मिळालं विचारलं तर म्हणाला दादांनी दिलं. तेव्हापासून मी लेटरहेडच्या पानांवर नंबर घालते.

खरा त्रास निवडणुकीनंतर. उमेदवारांचा खर्च निकालानंतर ३० दिवसांत, पक्षाचा ७५ दिवसांत. वीस हजारांवर देणगी असेल तर देणाऱ्याच्या नावासकट रिपोर्ट, रोखीने एका माणसाकडून दोन हजारांच्या वर घ्यायचंच नाही, वर्षाचे ऑडिट केलेले हिशोब, आणि रिटर्न. आणि भाऊंच्या आजारपणाच्या आधीपासूनचे २०२१-२२ चे हिशोब पडून होते. सीए आमच्या चाळीतलाच, फी हप्त्यांनी घेतो, पण कागदाला कडक. म्हणाला ताई, पावतीपुस्तकं एक ते दहा, सात नंबर कुठाय? सात नंबर दादांकडे. शंभर पावत्या, दहा वीस पन्नास रुपयांच्या, गणपतीच्या आधी लालबागमध्ये फिरून फाडलेल्या, पैसे किती जमले देव जाणे. मी फोन केले, मेसेज केले, त्यांच्या घरी गेले, वहिनींनी चहा दिला, दादा म्हणाले शोधतो. शेवटी सीएने पुस्तक गहाळ अशी टीप टाकून ऑडिट पूर्ण केलं. सही माझी. ती टीप मला अजून टोचते.

आणि बरं झालं पूर्ण केलं, कारण २०२५ आलं. आयोगाने ऑगस्टमध्ये ३३४ पक्ष यादीतून काढले, सप्टेंबरमध्ये आणखी ४७४, सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले. यादीतून काढलं म्हणायचं, नोंदणी रद्द नाही, कारण २००२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अपवाद सोडले तर आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही. आम्ही लढलो होतो म्हणून त्यातून वाचलो, तीन कपाटं बॅटी उभ्या केल्या त्या इथे कामाला आल्या. पण त्याच वेळी हिशोब आणि खर्च न देणाऱ्या ३५९ पक्षांची वेगळी यादी निघाली आणि माझी झोप उडाली, कारण आमचे सगळे हिशोब उशिराने गेलेले.

त्यात पत्ता. नोंदणीचा पत्ता चाळीतला, खोली नंबर २३, आणि चाळ रिडेव्हलपमेंटला गेलेली, तिथे आता पत्र्याचं कुंपण आणि खड्डा. नवा पत्ता मी कळवला होता पण जुन्या पत्त्यावर पत्रं येत राहतात. साइटच्या वॉचमनला मी पहिल्याच महिन्यात शंभर रुपये आणि नंबर देऊन ठेवला होता, भय्या, इस नाम का कुछ भी आया तो फोन करना. माझ्या अध्यक्षीय कारकिर्दीतला सगळ्यात हुशारीचा निर्णय तोच. ऑक्टोबरमध्ये त्याचा फोन आला, मॅडम, सरकारी लिफाफा. सुनावणीला बोलावलं होतं. मी तीन वर्षांच्या पोचपावत्या, स्पीड पोस्टच्या स्लिपा, ऑडिट, सगळं तारखेप्रमाणे लावून नेलं. आत जेमतेम दहा मिनिटं. बाहेर बाकावर मात्र दीड तास आणि तिथे माझ्यासारखे सहा सात अध्यक्ष, एकाचा पक्ष शेतकऱ्यांचा, एकाचा रिक्षावाल्यांचा, एक काका एकटेच, पक्षात आता ते आणि त्यांचा भाचा. सगळ्यांच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. मला त्या बाकावर फार बरं वाटलं, खरं सांगते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काय बोलायचंय ते समोरच्याला समजत होतं. आम्ही नंबरांची देवाणघेवाण केली. यादीत आमचं नाव आजपर्यंत आहे.

महापालिका निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये लागली, २०१७ नंतर थेट तेव्हा. ही निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची, तिथली नोंदणी वेगळी, २०१६ मध्ये कागद न दिल्यामुळे १९१ पक्षांची रद्द झाली होती त्यात आम्हीही होतो, भाऊंनी नंतर पुन्हा करून घेतलेली. अर्ज भरायची मुदत ३० डिसेंबरपर्यंत. २८ ला रात्री साडेदहाला फोन वाजला, स्क्रीनवर 'दादा'.

ताई, कशा आहात, जेवलात का. म्हटलं जेवले. मग भाऊंची चौकशी, मग थंडी पडली नाही यंदा, मग म्हणाले, अहो आमचा वॉर्ड महिला राखीव निघालाय, सूनबाईंना उभं करावं म्हणतो. म्हटलं छान. म्हणाले तर तो एबी फॉर्म तेवढा… सही तुमचीच लागते ना.

मी म्हटलं लागते. उद्या संध्याकाळी सातनंतर घरी या दादा, फॉर्म भरून ठेवते, पेन पण ठेवते. येताना फक्त सात नंबरचं पावतीपुस्तक आणा.

दादा म्हणाले हो हो, माळ्यावरच असेल, बघतो.

२९ ला मी पोहे करून वाट बघितली. आले नाहीत. फॉर्म अजून कपाटात आहे, बिनसहीचा.